चेंडू चुकवायला लावणारा पिचर जास्त टिकतो, की मारू देणारा?

1974 चा उन्हाळा. कॅलिफोर्नियातली बेसबॉलची दोन मैदानं, एकमेकांपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. 14 जूनला ॲनाहाइममध्ये 27 वर्षांचा नोलन रायन बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध पिचिंग करायला उभा राहिला आणि तब्बल 13 इनिंग टाकूनच थांबला. 19 बॅटर स्ट्राइकआउट, 10 जणांना वॉक, आणि एका रात्रीत दोनशेहून जास्त चेंडू. तेही त्या काळातल्या सर्वांत वेगवान हातांपैकी एका हाताने.

महिनाभरानं, 17 जुलैला, लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सचा टॉमी जॉन पिचिंग करत होता. वय 31, डावखुरा, वेग बेताचा. त्याचं हत्यार होतं सिंकर, म्हणजे बॅटजवळ येता येता खाली बुडणारा चेंडू. बॅटरनं तो मारावा, तो जमिनीवरून सरपटत जावा आणि क्षेत्ररक्षकानं उचलून पहिल्या बेसवर फेकावा, असा त्याचा सगळा हिशोब. हंगामात 13 विजय आणि 3 पराभव अशी सुरेख कामगिरी चालली होती. त्या दिवशी चेंडू टाकताना त्याच्या डाव्या कोपरातलं लिगामेंट तुटलं.

जीव तोडून टाकणाऱ्या रायनचा हात शाबूत राहिला. त्या हंगामात त्यानं 332 इनिंग टाकल्या. आणि हात जपून टाकणारा जॉन जायबंदी झाला. आपली साधी समजूत याच्या अगदी उलट सांगते, म्हणून इथून सुरुवात केली. पन्नास वर्षं होऊन गेली तरी बेसबॉलच्या जगात हा वाद पुन्हा पुन्हा निघतो: स्ट्राइकआउट घेणारे पिचर जास्त वर्षं टिकतात, की बॅटरला चेंडू मारू देणारे?

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी आधी दोन शब्द. बेसबॉलमध्ये पिचर साडेसाठ फुटांवरून चेंडू टाकतो. बॅटरनं चुकवलेला किंवा ठरलेल्या पट्ट्यातून आलेला पण न मारलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. बॅटरचे तीन स्ट्राइक झाले की तो स्ट्राइकआउट, म्हणजे सरळ बाद. फार तर कॅचर सोडला तर त्यात कुणाची मदत लागत नाही. बोलरनं यष्ट्या उडवाव्यात तसं. चार चेंडू पट्ट्याबाहेर पडले की बॅटरला फुकटात पहिला बेस मिळतो, तो वॉक. आणि बॅटरनं चेंडू मारला, तर पुढचं सगळं सात-आठ क्षेत्ररक्षकांच्या हातात. तीन बाद म्हणजे एक इनिंग, आणि नऊ इनिंगच्या सामन्यात 27 बाद मिळवायचे (बरोबरी राहिली तर इनिंग वाढतात). बोल्ड करणाऱ्या आणि स्लिपमध्ये झेल मिळवणाऱ्या बोलरमध्ये जो फरक, तोच स्ट्राइकआउट पिचर आणि कॉन्टॅक्ट पिचरमध्ये, फक्त इथे तो कितीतरी पट मोठा असतो.

कॉन्टॅक्ट पिचरच्या बाजूचा युक्तिवाद पटकन पटतो. स्ट्राइकआउटला किमान तीन चेंडू लागतात, सरासरी पाचेक. मारू दिला तर पहिल्याच चेंडूवर माणूस बाद होऊ शकतो. चेंडू कमी, वेग कमी, हातावरचा ताण कमी. मग हात जास्त वर्षं चालायला हवा. ऐकायला चोख वाटतं.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम करता करता बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास सुरू करणाऱ्या बिल जेम्स यांनी हे गृहीतक तपासून पाहिलं. कल्पना साधी होती. सारख्या वयाचे, तोवर सारखीच कामगिरी केलेले पिचर घ्यायचे, पण एका गटात स्ट्राइकआउट जास्त घेणारे आणि दुसऱ्यात कमी घेणारे. मग बघायचं की पुढच्या वर्षांत कोण किती खेळलं, किती जिंकलं. उत्तर स्ट्राइकआउटवाल्यांच्या बाजूनं आलं, आणि तेही निसटतं नव्हे. कमी स्ट्राइकआउट घेऊन प्रदीर्घ कारकीर्द करणारे पिचर त्यांना अपवादानंच सापडले.

असं का व्हावं? याचं उत्तर मला आधी खांद्यात किंवा कोपरात शोधावंसं वाटत नाही. ते साध्या अंकगणितात आहे.

मैदानाच्या आत मारलेल्या दर दहा चेंडूंपैकी, होमरन (म्हणजे थेट कुंपणापार गेलेला फटका) सोडून, साधारण तीन हिट होतात, म्हणजे बॅटर बेसवर पोचतो, आणि सात बाद. हा आकडा पिचरागणिक आश्चर्यकारकरीत्या कमी बदलतो. 2001 मध्ये व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकानं हे मांडलं तेव्हा जुन्या जाणत्यांना ते पटेना, कारण त्याचा अर्थ असा होता की चेंडू एकदा मैदानात उडाला की तो कुठे पडणार यावर मोठ्यातल्या मोठ्या पिचरचाही फारसा ताबा नसतो. नंतर या म्हणण्याला बऱ्याच पुरवण्या जोडल्या गेल्या. काही पिचर खरोखरच लेचेपेचे फटके मारायला भाग पाडतात, हेही दिसलं. पण मूळ गोष्ट टिकली.

आता दोन पिचर घेऊ. वॉक, होमरन, डबल प्ले (एकाच फटक्यावर दोन बाद) सगळं बाजूला ठेवू, नाहीतर वही भरेल. पहिला नऊ इनिंगमागे 9 स्ट्राइकआउट घेतो. उरले 18 बाद, ते मारलेल्या चेंडूंतून मिळवायचे. दहात सात या हिशोबानं त्यासाठी सुमारे 26 चेंडू मैदानात यावे लागतील, आणि त्यातले जवळपास 8 हिट होतील. दुसरा 4 स्ट्राइकआउट घेतो. त्याला 23 बाद मारलेल्या चेंडूंतून हवेत, म्हणजे 33 चेंडू मैदानात आणि 10 हिट. रोज सामन्याला दोन हिट जास्त. हा दुसरा पिचर तरीही यशस्वी होऊ शकतो, पण त्याला वॉक जवळजवळ द्यायचेच नाहीत, चेंडू खालीच ठेवायचा आहे, आणि मागे चांगले क्षेत्ररक्षक हवेत. यातलं एकही ढळलं की कठीण.

आणि मग वय वाढतं. वेग दोन-तीन मैलांनी उतरतो, स्लायडरची, म्हणजे आडव्या वळणाऱ्या चेंडूची, धार बोथट होते, स्ट्राइकआउट घटतात. समजा दोघांचेही नऊ इनिंगमागे दोन-दोन कमी झाले. पहिला 9 वरून 7 वर आला, अजून लीगमध्ये सहज खेळेल. दुसरा 4 वरून 2 वर आला, आणि 2 वर कुणीही टिकत नाही. घरात शिल्लक असलेल्या माणसाला एक वर्ष पाऊस हुकला तर चालतं. ज्याचं पोट दर वर्षीच्या पिकावर आहे, त्याला एकच दुष्काळ पुरतो. स्ट्राइकआउट ही पिचरची शिल्लक आहे. माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि बाकीचं सगळं तिच्या उजेडात बघायला हवं.

रायनचेच आकडे घ्या. 1989 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, त्यानं 239 इनिंगमध्ये 301 स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे नऊ इनिंगमागे अकराहून जास्त. शेवटच्या हंगामात, 1993 मध्ये, 46 वर्षांचा असताना तो सहाच्या थोडा वर होता. जवळजवळ निम्म्यावर घसरला होता, आणि तरीही त्या वेळच्या सरासरी पिचरच्या बरोबरीनं स्ट्राइकआउट घेत होता. एवढी उंची गाठली होती म्हणून एवढं उतरता आलं. 27 हंगाम आणि 5714 स्ट्राइकआउट. हा विक्रम आजही त्याचाच आहे.

इथे कुणीतरी हमखास ग्रेग मॅडक्सचं नाव काढतं. 355 विजय, पाच हजारांहून जास्त इनिंग, हजाराला एक कमी इतकेच वॉक, आणि वेग साधारणच. मारू देणाऱ्यांचा राजा म्हणून त्याचं उदाहरण देतात. पण त्याच्या स्ट्राइकआउटची बेरीज 3371 आहे! 1995 मध्ये, ऐन भरात असताना, त्यानं जवळपास 210 इनिंगमध्ये 181 स्ट्राइकआउट घेतले, ते त्या काळाच्या सरासरीपेक्षा बरेच वर होते. म्हणजे मॅडक्स वेगवान नव्हता हे खरं, पण बॅटर त्याचे चेंडू चुकवत नव्हते हे खरं नाही. वेग आणि स्ट्राइकआउट या दोन गोष्टी आपण एकच धरतो, तिथे पहिली चूक होते. चेंडू शेवटच्या क्षणी कुठे वळेल हे कळू न देणं, हाही स्ट्राइकआउटचाच मार्ग आहे. दुसरी चूक, वेगवेगळ्या काळांतले आकडे शेजारी ठेवण्याची. 1980 च्या सुमारास नऊ इनिंगमागे 5 स्ट्राइकआउट ही सरासरी होती, आता ती 8 च्या वर गेली आहे. कालचा स्ट्राइकआउट पिचर आजच्या फुटपट्टीवर मोजला तर कॉन्टॅक्ट पिचर ठरेल.

मारू देणाऱ्याचं आयुष्य कसं असतं ते बघायचं तर 23 जुलै 2009 ची दुपार बघावी. मी त्या क्षणाची चित्रफीत कितीतरी वेळा पाहिली आहे. शिकागो व्हाइट सॉक्सचा मार्क ब्यूरली टॅम्पा बे रेजविरुद्ध आठ इनिंग एकाही बॅटरला बेसवर जाऊ देत नाही. नववी इनिंग सुरू होताना ड्वेन वाइज या खेळाडूला केवळ क्षेत्ररक्षणासाठी सेंटर फील्डमध्ये आणलं जातं. पहिलाच बॅटर गेब कॅपलर चेंडू उंच मारतो, चेंडू भिंतीपलीकडे चाललेला. वाइज पाठमोरा धावतो, भिंतीला भिडून उडी मारतो, हात भिंतीच्या वर जातो, चेंडू ग्लव्हमध्ये येतो. खाली पडताना तो ग्लव्हमधून निसटतो. वाइज कोलमडता कोलमडता उघड्या हातानं त्याला पकडतो. पुढचे दोन बाद होतात आणि परफेक्ट गेम पूर्ण होतो. ब्यूरलीचे त्या दिवसाचे स्ट्राइकआउट होते 6. बाकीचे 21 जण त्याच्या मागे उभ्या असलेल्यांनी बाद केले.

हा ब्यूरली तपशिलात बघण्यासारखा आहे, कारण तो वरच्या सिद्धांताला न बसणारा माणूस आहे. 2001 ते 2014 अशी सलग 14 वर्षं त्यानं दर हंगामात 200 च्या वर इनिंग टाकल्या. 2015 मध्ये फक्त चार बाद कमी पडल्यानं पंधरावं वर्ष हुकलं आणि तो थांबला. जखमी खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव कधीच गेलं नाही. चेंडू हातात आला की लगेच पुढचा टाकायचा, बॅटरला श्वास घ्यायला वेळ द्यायचा नाही, अशी त्याची पद्धत. टिकाऊपणाचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही, आणि तो वेगाचा नव्हता.

ब्यूरली, टॉमी जॉन, 25 हंगाम खेळलेला जिम काट, 305 सामने जिंकलेला टॉम ग्लॅविन, 49 व्या वर्षापर्यंत खेळलेला जेमी मॉयर. कमी वेगावर लांब पल्ला गाठलेल्यांची ही नावं एका ओळीत लिहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते: सगळे डावखुरे. डावखुरे पिचर कमी असल्यानं बॅटरला त्यांची सवय कमी असते, आणि पिचिंगला उभं राहताना त्यांचं तोंडच पहिल्या बेसकडे असतं, त्यामुळे तिथल्या धावपटूला पळून दुसरा बेस चोरणं अवघड जातं. हिट जास्त देणाऱ्याला हा आधार मोठा असतो. उजव्या हाताच्या कॉन्टॅक्ट पिचरला तो मिळत नाही.

याचं दुःखद उदाहरण म्हणून मार्क फिड्रिचचं नाव नेहमी पुढे येतं. 1976 मध्ये 21 वर्षांचा हा पोरगा डेट्रॉइट टायगर्सकडून आला आणि सगळी अमेरिका त्याच्या प्रेमात पडली. माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, गुडघे टेकून हातानं माती सारखी करायचा, चेंडूशी बोलायचा. 19 विजय. पण 250 इनिंगमध्ये स्ट्राइकआउट अवघे 97. त्यानंतर मोठ्या लीगमध्ये त्याला फक्त 10 विजय मिळाले. स्ट्राइकआउट कमी असलेल्याचं यश टिकत नाही, असं त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं जातं. मला हे अपुरं वाटतं. 1977 च्या सराव शिबिरात त्याचा गुडघा दुखावला, परतल्यावर काही आठवड्यांत खांदा गेला, आणि खांद्यातला स्नायू फाटल्याचं निदान व्हायला 1985 उजाडलं. शिवाय पहिल्याच हंगामात 29 पैकी 24 सामने त्याच्याकडून शेवटच्या चेंडूपर्यंत टाकून घेतले होते. हे स्ट्राइकआउटच्या खात्यात मांडणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा दुसरा हंगाम निरोगी गेला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

फिड्रिचवरून लक्षात येतं की ‘टिकणं’ या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक, शरीर शाबूत राहणं. दुसरी, शरीर थकत गेलं तरी बाद मिळवत राहणं. बिल जेम्स यांचा निष्कर्ष मुख्यतः दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. पहिलीचं गणित वेगळं.

चेंडू टाकताना हात मागे जातो आणि झटक्यात पुढे येतो, त्या क्षणी कोपराच्या आतली बाजू उघडायला बघते. तिला बांधून ठेवणारं एक छोटंसं लिगामेंट असतं. जोरात टाकलेल्या चेंडूचा पीळ एकट्या लिगामेंटला झेपण्यापलीकडचा असतो. आजूबाजूचे स्नायू त्यातला मोठा वाटा उचलतात म्हणून ते वाचतं. स्नायू थकले की भार त्याच्यावर येतो. स्नायू व्यायामानं वाढतात, लिगामेंट त्या प्रमाणात वाढत नाही. वेग वाढवण्याच्या नादात नेमकं इथेच अंतर पडतं.

टॉमी जॉनचं तेच लिगामेंट तुटलं होतं. 25 सप्टेंबर 1974 ला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक कंडरा काढून डाव्या कोपरात ओवला. असं पिचरवर आधी कुणी केलं नव्हतं. जॉन 1976 मध्ये परतला, आणखी 164 सामने जिंकला आणि 1989 पर्यंत, 46 वर्षांचा होईपर्यंत खेळला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावानं ओळखली जाते. हात सर्वांत जास्त झिजवणाऱ्या वेगवानांची म्हणून जी शस्त्रक्रिया आपल्याला माहीत आहे, ती पहिल्यांदा एका मारू देणाऱ्या पिचरवर झाली. जेमी मॉयरनंही ती करून घेतली, 48 व्या वर्षी. मग 17 एप्रिल 2012 ला, 49 वर्षं आणि 151 दिवसांचा असताना, कोलोरॅडो रॉकीजसाठी तो जिंकला. मोठ्या लीगमध्ये इतक्या वयाचा विजयी पिचर दुसरा नाही. त्या दिवशी त्याचा एकही चेंडू ताशी 80 मैलांपर्यंत पोचला नाही.

उलट बाजूला सँडी कोफॅक्स. 1966 मध्ये 27 विजय, 317 स्ट्राइकआउट, आणि हंगाम संपल्यावर निवृत्ती. वय अवघं 30. कोपराच्या संधिवातानं तो हैराण झाला होता. तेव्हा कोणत्याही बाजूला हात कायम शाबूत राहण्याची हमी नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र पारडं हलताना दिसतंय, आणि मला त्याची काळजी वाटते. रायन-जॉनच्या काळात पिचर अख्खा सामना टाकायला उतरायचा. समोर कच्चा बॅटर असला, बेस रिकामे असले, की हात सैल सोडायचा. अडचणीत आला की राखून ठेवलेला जोर काढायचा. आता पाच-सहा इनिंगनंतर दुसरा येणारच आहे, म्हणून पहिल्या चेंडूपासून पूर्ण ताकद. फास्टबॉलची सरासरी 2008 मध्ये ताशी 91 मैलांच्या आसपास होती, ती आता 94 च्या वर गेली आहे. डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीग बेसबॉलनं दुखापतींवरचा जो अहवाल काढला, त्यात बोट याच गोष्टींवर ठेवलं: वाढता वेग, चेंडूला जास्तीत जास्त फिरवण्याचा हव्यास, आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर.

अमेरिकेतला संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो. जेकब डिग्रॉमसाठी मी अशा अनेक पहाटा जागलो. 2021 मध्ये त्याचा फास्टबॉल सरासरी 99 मैलांचा होता, आणि 92 इनिंगमध्ये त्यानं नऊ इनिंगमागे जेमतेम एक रन दिली. त्याचे चेंडू बॅटर असे चुकवायचे, जणू चेंडू त्यांना दिसतच नाही. पण जुलैनंतर त्या वर्षी तो मैदानात उतरलाच नाही. 2023 मध्ये कोपराची दुसरी शस्त्रक्रिया. स्पेन्सर स्ट्रायडरनं 2023 मध्ये 281 स्ट्राइकआउट घेतले आणि एप्रिल 2024 मध्ये त्याच्याही कोपरावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली. शोहेई ओतानीचीही दोनदा झाली आहे.

तरीही हे तिघं परत आले, आणि याचं एक कारण वैद्यकशास्त्राबाहेरचं आहे. संघ त्यांच्यासाठी थांबतात. डिग्रॉम दोन वर्षं अर्धाअधिक काळ बाहेर राहिलेला, वय 34, तरी डिसेंबर 2022 मध्ये टेक्सास रेंजर्सनं त्याच्याशी पाच वर्षांचा 18 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. वर्ष-दीड वर्ष बिनकामाचा पगार देऊन वाट पाहिली, आणि 2025 मध्ये तो पुन्हा पूर्ण हंगाम टाकू शकला. ताशी 88 मैलांवर टाकणाऱ्या कॉन्टॅक्ट पिचरसाठी एवढं कुणी थांबत नाही. त्याची जागा भरायला दुसरा मिळतो, निदान संघाला तसं वाटतं. त्यामुळे कारकीर्द किती वर्षं चालली हे आकडे मोजताना, त्यात शरीराचा वाटा किती आणि मिळालेल्या संधींचा किती, हे वेगळं काढता येत नाही. खुद्द रायनला न्यूयॉर्क मेट्सनं 29 विजय आणि 38 पराभवांनंतर देऊन टाकलं होतं. वेग होता म्हणून ॲनाहाइमच्या एंजल्स संघानं त्याला घेतलं.

शेवटी त्याच्याही कोपरानं दगा दिलाच. 22 सप्टेंबर 1993, सिएटल. त्या रात्री पहिल्याच इनिंगमध्ये एकही बाद मिळेना, होमरनवर चार रन गेले, आणि मग हातात काहीतरी तुटल्याचं त्याला जाणवलं. ते तेच लिगामेंट होतं, जॉनचं तुटलं होतं ते. तरी त्यानं आणखी एक चेंडू टाकून पाहिला. वेग मोजला गेला 98 मैल. मग तो माउंडवरून उतरला, 46 व्या वर्षी, जॉन थांबला होता त्याच वयात.